सॅलडमधलं पपनस

ह्यांचं किडनीचं ऑपरेशन झालं आणि मला माझ्याच स्वयंपाकघराची भीती वाटायला लागली. तोवर मी तिथे डोळे मिटून वावरत होते. आम्ही मूळचे अमरावतीकडचे. हे चिंचवडच्या एका कारखान्यात लागले म्हणून पुण्यात आलो, कोथरूडमध्ये घर घेतलं आणि इथलेच झालो. पण रविवारचं चिकन मात्र तिकडचंच राहिलं होतं. खोबरं-खसखस भाजून वाटायची, वर लालभडक तर्री यायची, आणि शेजारपाजारच्यांना जिन्यातच कळायचं की आज आमच्याकडे काय आहे.

मग ह्यांच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं. माझी किडनी जुळली, ती मी दिली. फार मोठं काही केलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. सुयांना हात पुढे करणारा माणूस रोज बघत बसण्यापेक्षा ते सोपं होतं. ऑपरेशनची भीती वाटली, पण ती एका दिवसाची. खरी भीती घरी आल्यावर सुरू झाली.

नव्या किडनीला शरीराने परकं समजून हाकलून देऊ नये म्हणून ह्यांना एक गोळी सकाळ-संध्याकाळ घ्यावी लागते. त्या गोळीमुळे अंगातली प्रतिकारशक्ती कमी होते. म्हणजे तुम्हाआम्हाला साधी सर्दी होईल त्यात हे थेट दवाखान्यात. घरी सोडताना हॉस्पिटलमधल्या डायटिशियनने आम्हाला समोर बसवून सगळं सांगितलं होतं. तरुण मुलगी, भरभर बोलणारी, मनाने फार चांगली. "काकू, बाहेरचं काही नाही. कच्चं नाही. पाणी उकळूनच. फळं सोलता येतील तीच. आणि ग्रेपफ्रूट तर अजिबात म्हणजे अजिबात नाही हं, ते गोळीशी भांडतं."

मी मान डोलावली. ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्षं, एवढं इंग्रजी मला येत होतं.

तो द्राक्षांचा हंगाम होता. रस्त्यावर जिकडेतिकडे हातगाड्यांवर हिरवे-काळे ढीग. भाजी आणायला जाताना मी त्या गाड्यांकडे साप बघितल्यासारखी बघायची. पिशवीला चुकून धक्का लागला तर घरी येऊन पिशवी धुवायची. नाशिकहून माझ्या भावाने द्राक्षांची पेटी पाठवली, ती मी घरातही घेतली नाही. दारातूनच समोरच्या फ्लॅटमध्ये दिली. समोर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. सगळी सोसायटी त्यांना बाईच म्हणते. मूळच्या सदाशिव पेठेतल्या. पेटी बघून त्या म्हणाल्या, "एवढी द्राक्षं? मी काय बेदाण्यांचा कारखाना काढू?" पण घेतली.

असे महिने गेले. मी हात धुऊन धुऊन कातडी सोलवटून घेतली. दूध उकळलं की नाही याची मला शंका यायची आणि मी ते पुन्हा उकळायची. हे जेवायला बसले की मी समोर बसून त्यांच्या तोंडाकडे बघायची. एकदा ते वैतागले. "मी जेवतोय, बॉम्ब निकामी करत नाहीये."

पावसाळा सरत आला तेव्हाच्या तपासणीत सगळं चांगलं आलं. फक्त वजन वाढलं होतं आणि साखर काठावर होती. डायटिशियन म्हणाली, "काकू, आता थोडं मोकळं व्हा. प्रोटीन हवंय त्यांना. साधं सॅलड करा ना. चिकन नीट शिजवून घ्या, सोललेली फळं घाला, घरचं दही. तेल नाही, मसाला नाही. दुपारी तेवढंच द्यायचं."

चिकनमध्ये फळं! मला ते ऐकायलाच विचित्र वाटलं. पण तिने सांगितलं म्हणजे करायचं. दुसऱ्या दिवशी मी बोनलेस चिकन आणलं, आलं आणि मिरे घालून उकडलं. शिजलंय हे कळत असूनही आणखी शिजवलं. गार झाल्यावर हाताने रेषा रेषा सुट्या केल्या. सफरचंद उकळलेल्या पाण्याने धुतलं, सोललं, फोडी केल्या. काकडीही तशीच. दही फडक्यात टांगून ठेवलं होतं, त्यात मिरपूड आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून सगळं कालवलं आणि ह्यांच्यापुढे ठेवलं.

ह्यांनी वाडग्यात बघितलं, मग माझ्याकडे. "कोंबडी आजारी होती का?"

"अहो, खाऊन तर बघा."

निम्मं खाल्लं. उरलेलं बाजूला सारलं. मला रडू आलं, पण ते मी ओट्याकडे तोंड करून गिळलं. माणसाने खाल्लं तर भीती, नाही खाल्लं तर दुप्पट भीती.

त्याच आठवड्यात बाईंनी बेल वाजवली. हातात दोन मोठी पपनसं. त्यांच्या भावाची कोकणात बाग आहे, तिथून आली होती. "तुम्ही मला द्राक्षांत बुडवलंत, त्याची फेड," म्हणाल्या.

मी पपनस हातात घेऊन बघत राहिले. बोटभर जाड साल. सालीच्या आत पांढरा कापूस, त्याच्या आत प्रत्येक फोडीला वेगळं कातडं, आणि मग तो गुलाबी गर. मला वाटलं, याहून सुरक्षित फळ देवाने केलेलंच नसेल. एवढ्या चिलखतातून जंतू आत कुठून शिरणार? इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच एखादी खायची वस्तू हातात धरून मला धीर आला. म्हणून मी ते घेतलं. ते मी निष्काळजीपणाने घेतलं नाही, भीतीपोटीच घेतलं. हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं.

पपनसाने सॅलड बदलूनच गेलं. आंबटगोड गर दह्यात फुटायचा, चिकनच्या फिक्या रेषांना चव यायची. ह्यांनी वाडगा पुसून खाल्ला. "हे जमलं बरं का," म्हणाले. ह्यांच्या तोंडून एवढं कौतुक म्हणजे भारतरत्नच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच मागितलं. तिसऱ्या दिवशीही. पपनस मोठं, एका वेळी संपत नाही. मी रोज दुपारी थोड्या फोडी सोलायची आणि बाकीच्या झाकून फ्रिजमध्ये ठेवायची. बाईंना सांगितलं तर त्यांनी नाक मुरडलं. "कोंबडीत पपनस? चालू द्या तुमचं."

मग एका सकाळी चहाचा कप बशीत खडखडला.

हे गॅलरीत बसून चहा पीत होते. मी आतून आवाज ऐकला आणि बाहेर आले. कप उचलताना हात थरथरत होता, अगदी बारीक, गाडी जाताना खिडकीची काच थरथरते तसा. "काय झालं?" "काही नाही, झोप नीट झाली नाही." डोकं थोडं दुखतंय म्हणाले. ऊन खूप तापलं होतं त्या दिवसांत, ऑक्टोबरचं. मी म्हटलं, असेल उन्हाचं.  दुपारी ते पेपर वाचत होते, तेव्हाही मी त्या पेपराच्या कडेकडे बघत होते. कड हलत होती.

तरी दुसऱ्या दिवशीही सॅलड मी केलंच. त्या दिवशी छान दिसत होतं, वर उकळलेल्या पाण्याने धुतलेली कोथिंबिरीची चार पानं होती. मला वाटलं, डायटिशियनला फोटो पाठवावा. तिने सांगितलेलं मी करतेय हे तिला कळावं, आणि खरं सांगायचं तर कुणीतरी शाबास म्हणावं. फोटो पाठवला, वाडगा ह्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी दोन-तीन घास खाल्ले असतील, तेवढ्यात फोन वाजला.

"काकू, मस्त दिसतंय. पण ते गुलाबी काय आहे त्यात?"

"पपनस."

"पपनस म्हणजे?"

मला हसू आलं. "अगं, मोठं असतं ना, गणपतीपुढे ठेवतात ते. मोसंबीच्या दहापट. जाड सालीचं."

 पलीकडून ती बोलली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता. भरभर बोलणारी मुलगी एकेक शब्द सुटा करून बोलत होती.

"काकू, काकांनी ते खाल्लंय का?"

"खातायत."

"त्यांना थांबवा. आत्ता. फोन चालू ठेवा."

मी वाडगा ओढला. ह्यांचा चमचा हवेत राहिला.

"किती दिवस देताय?"

"आठवडा झाला असेल." "का गं? तूच फळं म्हणाली होतीस."

"काकू, मी ग्रेपफ्रूट देऊ नका म्हटलं होतं ना?"

"ग्रेपफ्रूट नाहीच दिलं! एक द्राक्ष घरात येऊ दिलं नाही मी."

"द्राक्ष?" ती म्हणाली, आणि मग हळूच, "अरे देवा. काकू, ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्षं नव्हेत. ते पपनसाच्या जातीचंच फळ असतं. दोन्ही चालत नाहीत. त्याने गोळी रक्तात साठत जाते. काकांना काही त्रास होतोय का? हात थरथरणं, डोकं दुखणं?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला होता. टेबलावर ठेवलेली बोटं हलत होती.

  ह्यांनीच माझ्या हातातून फोन घेतला आणि शांतपणे म्हणाले, "होतोय. दोन दिवस. डोकंही दुखतंय." मग नुसतं हं, हं करत राहिले. "संध्याकाळची गोळी घेऊ नका, सोबत आणा, आधी रक्त घ्यायचंय, लगेच निघा," एवढं त्यांनी फोन ठेवल्यावर मला सांगितलं. आणि वर म्हणाले, "चप्पल घाल. पायात काही नाही तुझ्या."

माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. गोळी रक्तात साठते. जास्त झाली तर तीच किडनीला मारते, हे डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. कमी झाली तर शरीर मारतं, जास्त झाली तर गोळी मारते, मधल्या एका बारीक रेघेवरून चालायचं. आणि मी आठवडाभर रोज दुपारी, प्रेमाने सोलून सोलून, ह्यांना त्या रेघेवरून ढकलत होते.

मी कुलूप लावत होते. बाई दार उघडून उभ्या राहिल्या. "काय झालं?" मी काही विचार न करता बोलून गेले, "त्या पपनसाने झालं." त्यांचा चेहरा पडला तो मी बघितला, पण थांबले नाही.

रिक्षात बसलो. मास्कमुळे मला श्वास घेता येत नव्हता. मेट्रोच्या खांबांखाली गाड्या नुसत्या तुंबून उभ्या होत्या. रिक्षावाल्याला मी म्हटलं, "दादा, जरा लवकर." तो आरशात बघून म्हणाला, "उडवत नेऊ का, ताई?" एरवी मी दोन शब्द सुनावले असते. तेव्हा मी हात जोडले. त्याने मागे वळून ह्यांचा चेहरा बघितला आणि आतल्या गल्लीत रिक्षा घातली.

हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझीच किडनी आहे ना. तिलाच खावंसं वाटलं असेल पपनस. तुला लहानपणापासून आवडतं."

मला हसू आलं नाही. माझ्या डाव्या कुशीत, जिथे व्रण आहे तिथे, मी हात दाबून बसले होते. ह्यांच्या पोटात होती ती, आणि मला मात्र वाटत होतं की दुखेल तर इथेच दुखेल.

हॉस्पिटलमध्ये लगेच रक्त घेतलं, छातीला पट्ट्या चिकटवून ईसीजी काढला. रक्तदाब वाढलेला निघाला. मला बाहेर बसवलं. समोर कुणीतरी डबा उघडून जेवत होतं, त्या डब्याचा वास मला सहन होईना. अन्न या गोष्टीचाच मला धसका बसला होता. पहिला रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर स्वतः बाहेर आले. ह्यांना दाखल करून घेतोय म्हणाले. क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे किडनीवर ताण आलाय. गोळी थांबवतोय. रक्तात ती नेमकी किती साठलीय ते उद्या सकाळी कळेल.

"जाईल का?" मी विचारलं.

"काय?"

"किडनी."

डॉक्टर वयाने माझ्या मुलाएवढे. ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. "आज तसं म्हणता येणार नाही. वेळेत आलात. पण मी तुम्हाला वचन देत नाही."

ते वचन देत नाहीत याची मला भीती वाटली, आणि खोटं बोलत नाहीत याचा थोडा आधारही. मुलगा बंगळुरूला असतो. त्याला फोन लावला आणि तो उचलायच्या आत बंद केला. काय सांगणार होते?

सकाळी रिपोर्ट आला. रक्तातलं गोळीचं प्रमाण हवं त्याच्या दुपटीहून जास्त होतं. डायटिशियन धावत आली. तिचे डोळे सुजलेले होते, म्हणजे झोपली नसावी. "माझंच चुकलं काकू," ती म्हणाली. "मी सगळ्यांना ग्रेपफ्रूटच सांगते. पपनसाला आम्ही पॉमेलो म्हणतो. त्याला मराठीत काय म्हणतात हे मला काल तुमच्याकडून कळलं."

मी तिचा हात धरला. तिच्यावर रागवायचं माझ्यात बळ नव्हतं, आणि स्वतःवरचा राग संपतच नव्हता. आम्ही दोघी हॉस्पिटलच्या बाकावर तशाच बसून राहिलो, पास होऊ की नाही या काळजीत निकालाला आलेल्या मुलींसारख्या.

पुढचे दिवस मी आकड्यांवर जगले. रोज सकाळी रक्त, रोज दुपारी क्रिएटिनिनचा आकडा. पहिल्या दिवशी आकडा तिथेच राहिला, आणि त्या दुपारी मी देवाचं नाव घ्यायचंही विसरले, इतकी रिकामी झाले. मग तो थोडा उतरला. मग आणखी. ह्यांनी हात पुढे करून मला दाखवला, बोटं पसरून. "बघ. दगड." थरथर थांबली होती. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, आधी कमी. किडनीने मान टाकली नव्हती. घरी जा म्हणाले, पण लवकर लवकर तपासणीला या.

घरी आलो तेव्हा बाईंचं दार बंद होतं. एरवी लिफ्टचा आवाज आला की त्या डोकावतात. दोन दिवस वाट बघून मीच बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं आणि मला आत या म्हणाल्या नाहीत. उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. नेहमी ताठ असणारी बाई अर्धी झाली होती.

"कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

"घरी आलेत. बरे आहेत."

"तुमच्या मिस्टरांना मी जवळजवळ पोचवलंच होतं की," त्या म्हणाल्या. बोलणं नेहमीसारखंच कोरडं होतं, पण हनुवटी हलत होती. "तुम्ही जाताना म्हणालात ना, पपनसाने झालं. त्या दिवसापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

मला आठवलंच नव्हतं की मी तसं म्हटलं होतं. "बाई, मी घाबरले होते हो. तुम्ही प्रेमाने दिलंत. सोलून घातलं मी."

"मग काय, दोघी मिळून तुरुंगात जाऊ," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू फुटलं. मीही रडले. ऑपरेशनपासून मी कुणासमोर रडले नव्हते. त्यांच्या पायपुसण्यावर उभं राहून रडले.

सॅलड मात्र मला करवेना. उकडलेल्या भाज्या, वरण, भात, एवढंच करत होते. डायटिशियनने पुन्हा सांगितलं, प्रोटीन कमी पडतंय, चिकन सुरू करा. शेवटी एका दुपारी चिकन उकडलं. सफरचंद हातात घेतलं आणि सुरी लावायच्या आधी तिला फोन केला. "सफरचंद चालतं ना?" "चालतं, काकू." "म्हणजे ॲपलच ना?" "हो काकू, ॲपलच." ती हसली नाही. पेर घेतलं आणि पुन्हा फोन केला. तिने तेही तितक्याच शांतपणे सांगितलं.

तरी सुरी चालेना. फळ डाव्या हातात, सुरी उजव्या हातात, आणि मी ओट्यापाशी नुसती उभी. हे आले, स्टूल ओढून बसले आणि सुरी माझ्या हातातून घेतली. कारखान्यात आयुष्यभर मोजून-मापून काम केलेला माणूस. सगळ्या फोडी एकसारख्या केल्या. मी चिकन सुटं करत होते. दह्यात कालवताना दोघांचेही हात एकाच भांड्यात होते.

"तू कधी खाल्लंच नाहीस हे," ते म्हणाले. खरं होतं. त्यांच्यापुरतंच करायची मी, आणि स्वतः पोळी-भाजी खायची.

त्यांनी दुसरा वाडगा काढला आणि अर्धं माझ्यापुढे ठेवलं. पहिला घास मी घेतला. सफरचंद करकरीत होतं, दही किंचित आंबट. माझं सगळं लक्ष ह्यांच्या हातांकडे होतं. चमचा सरळ वर जात होता आणि सरळ खाली येत होता. भीती गेली नव्हती. पुढच्या तपासणीपर्यंत ती जाणार नव्हती, आणि त्यानंतर पुढच्या तपासणीची येणार होती. पण भूक लागली होती, बऱ्याच दिवसांनी. मी वाडगा जवळ ओढला.

"जरा मीठ कमी आहे," हे म्हणाले.

"तेवढंच मिळेल," मी म्हटलं.